टाळेबंदीतला क्षयरोग आणि तज्ज्ञांचा सल्ला

२०२० च्या उन्हाळ्यात औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या रुग्णाला करोना झाला, तर डॉक्टरपुढचा पहिला पेच फुप्फुसाचा नसून हृदयाचा असायचा. अशा रुग्णाला बेडाक्विलिन, क्लोफॅझिमिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांसारखी औषधे चालू असतात. या तिन्हींमुळे ईसीजीतले क्यूटी नावाचे अंतर लांबते. ते फार लांबले की ठोक्यांची लय बिघडून रुग्ण दगावू शकतो. त्या दिवसांत करोनावर सर्रास लिहिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन या जोडीचाही दुष्परिणाम नेमका हाच. मग यातले काय थांबवायचे? ईसीजी रोज काढायचा की आठवड्याने? बेडाक्विलिन बंद केले तर जंतू त्याही औषधाला सरावण्याची भीती, चालू ठेवले तर हृदयाची.

साध्या क्षयरोगातही गुंता कमी नव्हता. रिफॅम्पिसिन हे त्या उपचाराचे मुख्य औषध. ते यकृताला इतके कामाला लावते की इतर कित्येक औषधे शरीरातून लवकर बाहेर पडतात. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीतून डेक्सामेथासोनने गंभीर करोना रुग्णांचे प्राण वाचतात हे कळले, पण रिफॅम्पिसिन घेणाऱ्याच्या रक्तात त्याची पातळी खाली येते. रक्त पातळ करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांचे तेच. पुढे आलेले निर्माट्रेलविर-रिटोनाविर तर रिफॅम्पिसिनबरोबर देताच येत नाही.

याची उत्तरे पुस्तकात असणे शक्य नव्हते. दोन्ही आजार एकत्र झालेल्या रुग्णांचा पहिला आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२० मध्ये आला, तो आठ देशांतल्या अवघ्या ४९ जणांचा. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांताने मोठ्या लोकसंख्येवरून काढलेला निष्कर्ष नंतरचा: चालू क्षयरोग असणाऱ्यांत करोनाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे २.७ पट, पूर्वी क्षयरोग होऊन गेलेल्यांत दीडपट. तोवर तालुक्याच्या डॉक्टरला हवा होता असा कुणीतरी, ज्याने शंभर अवघड रुग्ण पाहिलेत आणि जो फोन उचलतो. महामारीच्या काळात क्षयरोगासाठी असा सल्ला कसा उभा राहिला आणि तो कुठवर पोहोचला, हा या लेखाचा विषय. माझे मत आधीच सांगतो. सल्ल्याची व्यवस्था अवघड रुग्णासाठी बांधलेली होती आणि त्याच्यापुरती ती बरी चालली. पण महामारीत हरवला तो सोपा रुग्ण, आणि त्याच्या डॉक्टरला सल्ला देणारे कुणी नव्हते.

आपल्याकडे तज्ज्ञता नेहमीच मोठ्या शहरांत साचलेली आहे. एक पायरी मात्र आपण फार पूर्वी उतरलो होतो. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगाने १९५९ मध्ये दाखवून दिले की घरी राहून गोळ्या घेणारा रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो, आणि त्याच्या घरच्यांना त्यामुळे जास्त धोका होत नाही. मिरजेसारख्या ठिकाणी हवापालटाला महिनोन्महिने पडून राहण्याचे दिवस त्या प्रयोगाने संपवले. उपचार घरी आले, निर्णय मात्र रुग्णालयातच राहिला. साधा क्षयरोग प्राथमिक आरोग्य केंद्रात, रिफॅम्पिसिनला दाद न देणारा जिल्ह्याच्या केंद्रात आणि त्याहून बिकट नोडल केंद्रात, अशी उतरंड सरकारी कार्यक्रमात ठरली. विदर्भाच्या टोकाचा रुग्ण त्यासाठी नागपूर गाठायचा.

ही उतरंड किती अरुंद होती हे २०१७ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयात दिसले. बेडाक्विलिन तेव्हा देशात मोजक्या केंद्रांत, अटींसह मिळत होते. पाटण्याच्या अठरा वर्षांच्या एका मुलीला ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून ते नाकारले गेले. वडिलांना कोर्टाची पायरी चढावी लागली, तेव्हा औषध मिळाले. पुढचे उपचार मुंबईत हिंदुजा रुग्णालयात झाले. पुढच्या वर्षी ती गेली. औषध आणि ते वापरण्याची अक्कल दोन्ही ठरावीक इमारतींत कोंडली की काय होते, त्याचा हा दाखला महामारीच्या तीन वर्षे आधीचा आहे.

खासगी बाजूची गोष्ट याहून जुनी. १९९१ मध्ये मुकुंद उपलेकर आणि शेपर्ड यांनी मुंबईच्या वस्त्यांतल्या शंभर खासगी डॉक्टरांना क्षयरोगाची चिठ्ठी लिहायला सांगितली. ऐंशी प्रकारचे उपचार समोर आले. वीस वर्षांनी छातीच्या आजारांचे तज्ज्ञ झरीर उदवाडिया यांच्या गटाने धारावी परिसरात तोच प्रयोग पुन्हा केला. १०६ डॉक्टर, ६३ प्रकारच्या चिठ्ठ्या, बरोबर फक्त सहा. मधल्या काळात देशभर डॉट्स, म्हणजे कुणाच्या तरी देखरेखीखाली गोळ्या देण्याची पद्धत, येऊन रुजले होते, फलक लागले होते, प्रशिक्षणे झाली होती. तरी ही अवस्था. याच उदवाडियांनी २०१२ च्या सुरुवातीला सगळ्याच औषधांना दाद न देणारे रुग्ण प्रसिद्ध केले तेव्हा सरकारी पातळीवर वाद झाला तो नावावरून. ते रुग्ण तसे झाले ते कुणाकुणाच्या चिठ्ठ्यांमुळे, हा प्रश्न बाजूलाच पडला.

सल्ला फोनवरून द्यायचा तर कायद्याचीही धास्ती होती. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीतल्या एका डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. बाहेरगावी असताना फोनवरून सांगितलेल्या उपचारानंतर बाळंतीण दगावली होती. त्या निकालानंतर राज्यातले डॉक्टर फोनवर ताप आहे का हेसुद्धा विचारायला कचरू लागले. या पार्श्वभूमीवर २५ मार्च २०२०, म्हणजे टाळेबंदीचा पहिलाच दिवस, महत्त्वाचा ठरतो. त्या दिवशी केंद्राने टेलिमेडिसिनची नियमावली जारी केली. नोंदणीकृत डॉक्टर फोनवर, व्हिडिओवर, संदेशावर कोणते औषध केव्हा लिहू शकतो ते प्रथमच स्पष्ट झाले. एका डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला घेण्यालाही तिच्यात जागा होती आणि जबाबदारीचा धागाही सोडलेला नव्हता: सल्ला कुणाचाही असो, उपचाराचे उत्तरदायित्व समोर रुग्ण असलेल्या डॉक्टरचे. वर्षानुवर्षे अडलेले काम संकटाने एका रात्रीत करून टाकले, ही आपल्या प्रशासनाची जुनीच रीत.

मग पडदे उजळले. डॉक्टर-ते-डॉक्टर सल्ल्याची ई-संजीवनी नोव्हेंबर २०१९ मध्येच आली होती. एप्रिल २०२० मध्ये तिची बाह्यरुग्ण सेवा घरबसल्या रुग्णांसाठी खुली झाली. क्षयरोगासाठी मात्र याहून कामाची ठरली ती इको पद्धत. न्यू मेक्सिको विद्यापीठातले डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये यकृताच्या सी प्रकारच्या काविळीसाठी ती सुरू केली. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी केंद्रातले तज्ज्ञ आणि दूरदूरचे डॉक्टर पडद्यावर एकत्र येतात. गावचा डॉक्टर नाव वगळून आपला रुग्ण मांडतो, बाकीचे ऐकतात, प्रश्न विचारतात, आणि निर्णय शेवटी त्याच डॉक्टरच्या हाती राहतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा गावातल्या रुग्णांचे बरे होण्याचे प्रमाण ५८.२ टक्के निघाले, तर विद्यापीठाच्या रुग्णालयातले ५७.५ टक्के. फरक नाहीच म्हणा. या पद्धतीची खुबी अशी की एक डॉक्टर प्रश्न विचारतो आणि वीस शिकतात.

चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था, दिल्लीची राष्ट्रीय क्षय व श्वसनरोग संस्था यांच्याकडे या बैठकांची घडी आधीपासून बसलेली होती. महामारीत तिला वेग आला. उपचारास अवघड अशा क्षयरोगासाठी राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर आभासी क्लिनिकची साखळी कार्यक्रमाने याच काळात पक्की केली. जिल्ह्यात प्रश्न सुटला नाही तर नोडल केंद्राकडे, तिथे अडला तर राज्याच्या गटाकडे, मग राष्ट्रीय गटाकडे. ऑक्सिजनवरच्या माणसाला दोनशे किलोमीटर नेण्यापेक्षा त्याचे कागद पाठवणे केव्हाही शहाणपणाचे. महामारी नसती तर हे झाले असते का? झाले असते, पण अजून पाच वर्षांनी.

सल्ला दोन प्रकारचा असतो. एक एका रुग्णापुरता, दुसरा साऱ्या कार्यक्रमासाठी. दुसऱ्या प्रकारचे काही सल्ले या काळात झटकन अमलात आले आणि ते टिकले. दर वेळी केंद्रावर बोलावण्याऐवजी रुग्णाच्या हाती महिन्याभराच्या किंवा त्याहून जास्त दिवसांच्या गोळ्या देण्यात आल्या. इंजेक्शने मागे पडली. कॅनामायसिनसारखी इंजेक्शने महिनोन्महिने टोचून घ्यायला लागायची आणि त्यातून कित्येकांचे कान कायमचे गेले. जागतिक आरोग्य संघटनेने पूर्ण तोंडी उपचाराकडे वळण्याचे धोरण महामारीच्या तोंडावरच मांडले होते. रोज दवाखान्यात जाऊन सुई टोचून घेणे अशक्य झाले तेव्हा ते पुढे रेटणे सोपे गेले. केंद्राची २०२१ ची नवी मार्गदर्शिका याच दिशेने आहे. ऑगस्ट २०२० मध्ये आरोग्य मंत्रालयाने क्षयरोग्याची करोनासाठी आणि करोना रुग्णाची क्षयरोगासाठी तपासणी करण्याच्या सूचना दिल्या. कागदावर त्या नेमक्या होत्या. प्रत्यक्षात तपासायचे यंत्र एकच होते आणि ते करोनाकडे गेले होते.

क्षयरोगाचे जलद निदान करणारी सीबीनॅट आणि ट्रुनॅट यंत्रे या काळात करोनाच्या चाचण्यांना जुंपली गेली. ट्रुनॅट ही गोव्यातल्या मोलबायो कंपनीची निर्मिती. बॅटरीवर चालणारे, तालुक्याच्या छोट्या प्रयोगशाळेत मावणारे हे यंत्र क्षयरोगासाठी गावागावांत पोहोचलेले होते, म्हणूनच करोनाच्या वेळी ते हाताशी होते. देशाचा फायदा झाला यात शंका नाही. पण बेडक्याचा नमुना घेऊन आलेला माणूस रांगेत मागे ढकलला गेला. यंत्राबरोबर त्यावरचा तंत्रज्ञ, क्षयरोग पर्यवेक्षक, छातीच्या आजारांचा डॉक्टर असे सगळेच करोना कक्षात गेले. आशाताई घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन फिरत होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली तीही त्यांच्याच पायांवर. जून २०२१ मध्ये त्यांनी मानधनासाठी संप केला तेव्हा कुणाला नवल वाटायचे कारण नव्हते.

परिणाम आकड्यांत स्वच्छ दिसतो. देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख क्षयरोग्यांची नोंद झाली, २०२० मध्ये सुमारे १८ लाखांची. सहा लाख माणसे एका वर्षात बरी झालेली नव्हती. ती फक्त वहीत आली नाहीत. जगभरातली नोंद ७१ लाखांवरून ५८ लाखांवर आली आणि त्या घसरणीत एकट्या भारताचा वाटा ४१ टक्के होता. जगात क्षयरोगाचे मृत्यू दशकाहून अधिक काळात प्रथमच वाढले. २०२० ते २०२२ या तीन वर्षांत महामारीमुळे सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मे २०२० मध्ये तज्ज्ञांच्या एका गणिताने पाच वर्षांत १४ लाख जादा मृत्यूंचा इशारा दिला होता. त्या गणितातली भीती पुरती खरी ठरली नाही, पण दिशा बरोबर होती. आणि सल्ल्याच्या दृष्टीने तो मोलाचा होता, कारण त्याने राज्यकर्त्यांना किंमत आधी सांगितली.

या हरवलेल्या सहा लाखांतले बहुसंख्य अवघड नव्हते. त्यांना चार नेहमीची औषधे सहा महिने पुरेशी होती. त्यांच्यासाठी चेन्नईच्या तज्ज्ञाची गरज नव्हती. गरज होती ती नाक्यावरच्या डॉक्टरला ऐन वेळी कुणीतरी सांगण्याची की, करोनाची चाचणी दोनदा निगेटिव्ह आली आहे, खोकला तिसऱ्या आठवड्यात गेला आहे, वजन उतरले आहे, आता स्टेरॉइड लिहू नकोस, बेडका तपास. त्या काळात छातीच्या सीटी स्कॅनचे पेव फुटले होते. पांढरा डाग दिसला की करोनाचा शिक्का बसायचा. तो वरच्या भागात आहे आणि त्यात पोकळी आहे हे अहवालात लिहिलेले असूनही.

हा डॉक्टर इकोच्या बैठकीला नव्हता. त्याला दुवा पाठवलाच जात नाही. जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याकडे त्याचे नाव असते ते बहुधा रुग्णाची नोंद न केल्याबद्दल. खासगी डॉक्टरला नोंद २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि २०१८ पासून ती न करणे शिक्षेला पात्र. नोंदीचा आग्रह योग्यच आहे. त्यामुळेच २०१९ मध्ये खासगीतून पावणेसात लाखांहून अधिक रुग्ण कळले. पण ज्याच्याकडे आपण फक्त माहिती मागतो तो आपल्याला शंका विचारायला येत नाही. महामारीत सरकार आणि खासगी डॉक्टर यांच्यातला संबंध फॉर्म भरण्यापुरताच उरला होता, तेव्हा सल्ल्याचे नळ जोडायचे कुठे?

रुग्णाला थेट सल्ला देण्याचे काम थोडे बरे झाले. निक्षय संपर्क ही टोल-फ्री सेवा, १८००-११-६६६६, चालू होती. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सक्षम प्रकल्पाचे समुपदेशक औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोग्यांबरोबर महाराष्ट्रात आणि शेजारच्या राज्यांत आधीपासून काम करत होते. टाळेबंदीत भेटींची जागा फोनने घेतली. मुंबईहून पायी, ट्रकने, श्रमिक गाडीने गावी निघालेल्या मजुराला तिकडच्या केंद्रावर गोळ्या मिळवून देण्यासाठी फोन करणे, हा सल्ला वैद्यकीय म्हणवत नाही. पण त्याने वाचवलेले उपचार कुठल्याही समितीने वाचवलेल्यांपेक्षा कमी नसावेत. बरे झालेले रुग्ण, ज्यांना कार्यक्रमात टीबी चॅम्पियन म्हणतात, तेही याच फळीतले. उलट्या कधी थांबतात हे त्यांना डॉक्टरपेक्षा नीट सांगता येते.

यंत्राच्या सल्ल्याबद्दल थोडक्यात. संगणकाने एक्स-रे वाचण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींसाठी मान्य केली आणि मुंबईत जन्मलेल्या क्युअर डॉट एआयचे साधन जगभर वापरले जाते. रेडिओलॉजिस्ट नसलेल्या तालुक्यात ते उपयोगाचे आहे. पण ते संशय सांगते, निदान नाही, आणि पुढे बेडका तपासायला यंत्र मोकळे नसेल तर तो संशय फायलीतच राहतो.

बाहेर पाहिले तर दक्षिण आफ्रिकेचा नमुना आपल्या जवळचा वाटतो. तिथे बेडाक्विलिन आले तेव्हाच प्रांतिक आणि राष्ट्रीय सल्लागार समित्या बसवल्या गेल्या, आणि केपटाऊन विद्यापीठाच्या औषध माहिती केंद्रातून एचआयव्ही व क्षयरोगासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांची मोफत फोनसेवा चालते. ती परिचारिकेलाही खुली आहे, फक्त विशेषज्ञांना नाही. अमेरिकेत प्रादेशिक उत्कृष्टता केंद्रे डॉक्टरांना फोनवर सल्ला देतात. ब्रिटनमध्ये अवघड रुग्णांवर थोरॅसिक सोसायटीच्या ऑनलाइन सेवेत चर्चा होते. युरोपीय श्वसन संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१२ मध्ये सुरू केलेले क्षयरोग कन्सिलियम जगातल्या कुठल्याही डॉक्टरला विनामूल्य मत देते, रशियन आणि स्पॅनिशमध्येसुद्धा. मराठी-हिंदीत नाही, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षा नाही. ती आपल्याच बैठकांकडून करायला हवी. आपल्या बहुतेक बैठका इंग्रजीत चालतात, आणि आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी घेऊन वस्तीत पंचवीस वर्षे बसलेला डॉक्टर तिथे तोंड उघडत नाही. वस्तीतला पहिला खोकला मात्र त्याच्याकडेच जातो.

तो जातोच असेही नाही. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठेच गेले नव्हते, आणि सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के फक्त एक्स-रे काढला म्हणून सापडले. म्हणजे सल्ला डॉक्टरपर्यंत नेऊनही अर्धे काम उरते. ते शोधमोहिमांचे काम आहे आणि त्याला तज्ज्ञांपेक्षा माणसे लागतात. शिवाय सल्ल्यामागे गोळी हवी. मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषधे तीन महिने स्थानिक पातळीवर खरेदी करायला राज्यांना सांगितले, तेव्हा कित्येक केंद्रांवर रुग्णांना आठवड्यापुरत्या गोळ्या देऊन परत पाठवले जात होते. महामारीतली महिन्याभराच्या गोळ्या देण्याची शिस्त कुठे गेली, हा प्रश्न तेव्हा कुणी फारसा विचारला नाही.

नोंदींचा आकडा २०२२ मध्ये पुन्हा २४ लाखांवर गेला, २०२४ मध्ये २६ लाखांवर. सल्ल्याच्या बैठका चालू आहेत आणि त्यांचे यश किती बैठका झाल्या, किती जण हजर होते, यावर मोजायची सवय आहे. ती सोडावी. जिल्ह्याने प्रश्न विचारल्यापासून उत्तर किती दिवसांत आले, त्या उत्तराने रुग्णाचा उपचार बदलला का, आणि विचारणाऱ्यांत खासगी डॉक्टर किती होते, हे तीन आकडे राज्याच्या वार्षिक अहवालात छापले जावेत. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या तालुका शाखांनी आणि जिल्हा क्षयरोग कार्यालयांनी महिन्यातून एक तास मराठीत, संध्याकाळची ओपीडी सुटल्यावर, वस्तीतल्या डॉक्टरांसाठी ठेवावा. पडदा, जोडणी आणि कायदा तिन्ही २०२० पासून हाताशी आहेत. पुढची साथ यायच्या आधी आमंत्रितांची यादी तेवढी बदलायची आहे.